उंदराने खाल्लेले चार आणे

विद्यार्थी मित्रांनो, आज एक छोटेसे काम करा. घरातल्या मोठ्यांना विचारून घरात असतील नसतील तेवढी नाणी एका ताटात ओता आणि उजेडात बसून एकेक नाणे उलटसुलट करून पाहा. बहुधा सगळी नाणी तुम्हाला ठाकठीक दिसतील. आधुनिक टांकसाळीतले एक यंत्र मिनिटाला काही शे नाणी पाडते आणि ती एकासारखी एक असावीत यासाठीच तिथली सारी माणसे झटत असतात. तरीही एखादे नाणे चुकते. ते तपासनिसाच्या नजरेतून सुटते, थैलीत पडते, बँकेत जाते आणि एके दिवशी भाजीच्या सुट्या पैशांतून तुमच्या हातात येते.

असे एक नाणे माझ्या हातात १९९२ साली आले. मी तेव्हा मुलुंडला सहावीत होतो. नाणे पंचवीस पैशांचे होते. तुमच्या आई-बाबांना ते नक्की आठवत असेल, कारण त्याच्या एका बाजूला गेंडा होता. माझ्या नाण्याची कड एका जागी चंद्रकोरीसारखी नाहीशी झाली होती. वाण्याने ते हातात घेतले, एकदा पाहिले आणि परत माझ्या पुढ्यात टाकले. "उंदराने खाल्लंय का रे हे? दुसरं दे."

दुसरे माझ्याजवळ नव्हते. गोळ्या न घेताच मी घरी आलो आणि संध्याकाळी ते नाणे बाबांना दाखवले. बाबा लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात फिटर होते. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत त्या रस्त्याच्या कडेने तेव्हा कारखानेच कारखाने होते. आज तिथे बहुतेक ठिकाणी उंच इमारती आणि मॉल उभे आहेत. बाबांनी नाणे दिव्याखाली धरले, चंद्रकोरीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पट्टी पुढे सरकली नाही रे. आमच्याकडे वॉशरचं अस्संच होतं."

बाबांनी टांकसाळ कधी आतून पाहिली नव्हती. तरी त्यांनी एका वाक्यात त्या नाण्याची जन्मकथा सांगितली, आणि ती बरोबर होती. त्या संध्याकाळपासून मी चुकलेली नाणी जमवू लागलो.

संग्रहाला सूत्र हवे

सुरुवातीला मी दिसेल ते वेडेवाकडे नाणे उचलत असे. दोन वर्षांत डबा भरला, पण त्यातून मला काहीच कळेना. नाणी नुसती विचित्र होती. मग बाबांनी त्यांचा खिळे-स्क्रू ठेवायचा आठ खणांचा जुना डबा मला दिला आणि विचारले, "कुठलं नाणं कुठल्या मशीनवर बिघडलं, ते सांगता येईल का तुला?"

हेच माझ्या संग्रहाचे सूत्र झाले. नाणे तयार होण्याच्या प्रत्येक टप्प्यासाठी एक खण, आणि त्या खणात त्याच टप्प्यावर चुकलेले नाणे. कुणी फक्त एक रुपयाच्या नाण्यांतल्या चुका जमवतात. कुणी एकाच टांकसाळीच्या जमवतात. मुंबईच्या टांकसाळीची नाणी सालाखालच्या छोट्या चौकटीवरून ओळखू येतात. हैदराबादच्या नाण्यावर तारा असतो, नोएडाच्या नाण्यावर टिंब असते आणि कोलकात्याच्या नाण्यावर काहीच खूण नसते. सूत्र कोणतेही असो, त्यातून एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे.

मुंबईत किल्ला भागात, रिझर्व्ह बँकेसमोर टांकसाळीची इमारत उभी आहे. ती १८२९ सालची. तिथे वाफेच्या यंत्रांवर नाणी पडू लागली आणि नाण्यातली 'चूक' या शब्दाला खरा अर्थ आला. त्यापूर्वीची नाणी आठवा. शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' अशी अक्षरे असतात. पण संग्रहालयातल्या शिवराया पाहिल्यात तर बहुतेकींवर एखाददुसरे अक्षर कडेबाहेर गेलेले दिसेल. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान. वर हातोड्याचा घाव, तोही अंदाजाने बसायचा. तिथे प्रत्येक नाणे वेगळेच निघायचे, म्हणून कुठल्याच नाण्याला चुकलेले म्हणता येत नसे. सगळी नाणी सारखी पाडता येऊ लागली, तेव्हाच वेगळे पडलेले नाणे उठून दिसू लागले.

आता माझ्या डब्याचे खण एकेक करून उघडू.

पत्रा आणि पंच

नाण्याची सुरुवात धातूच्या पत्र्यापासून होते. मिश्रधातू वितळवून ओततात आणि रुळांमधून लाटून त्याचा हव्या त्या जाडीचा पत्रा करतात. ओतताना आत वायूचा बुडबुडा किंवा कचरा अडकला, तर लाटताना तोही पसरतो आणि त्या जागी पत्र्याचे दोन पदर होतात. पुढे नाण्याचा पापुद्रा सुटतो. पहिल्या खणात माझ्याकडे असा पापुद्रा सुटलेला एक रुपया आहे.

दुसऱ्या खणात बाबांनी ओळखलेले चार आणे आहेत. पत्र्यातून गोल चकत्या कशा कापतात ते तुम्ही स्वयंपाकघरात पाहिलेले आहे. मोठी पोळी लाटून वाटीने पुऱ्या कापतात, अगदी तसेच. कापून झालेल्या भोकावर वाटीची कड पुन्हा पडली, तर पुढची पुरी चंद्रकोरीची खाच घेऊनच निघते. टांकसाळीत वाटीच्या जागी पोलादी पंच असतो. दोन घावांच्या मध्ये पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, की पंच आधीच्या भोकात शिरतो.

हे अनुमान पडताळून पाहता येते. या नाण्याचा व्यास १९ मिलिमीटर आणि वजन २.८३ ग्रॅम. माझ्या नाण्यातला चावा सर्वांत खोल जागी २ मिलिमीटर आहे. आलेख कागदावर दहापट मोठी, म्हणजे १९ सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळे अशी काढा की ती एकमेकांत २ सेंटिमीटर शिरतील. दोन्हींत सामाईक असलेल्या भागातले चौरस मोजा. हा भाग एका वर्तुळाच्या सुमारे ४ टक्के भरतो. म्हणजे नाण्याचे वजन सुमारे ०.११ ग्रॅमने कमी होऊन २.७२ ग्रॅम व्हायला हवे. काट्यावर ते २.७१ ग्रॅम भरले!

याच नाण्यावर आणखी एक साक्ष आहे. कापलेली चकती तापवून मऊ केली जाते. मग ती एक फिरते चाक आणि एक स्थिर खोबण यांच्यामधून घरंगळत जाते, आणि दोन्हीकडच्या दाबामुळे तिची कड थोडी उचलली जाते. दोन तळव्यांमध्ये लिंबू दाबल्यासारखे हे आहे. एक तळवा काढून घेतला तर दुसरा कशाच्या आधाराने दाबणार? चावा गेलेल्या जागी चकती चाकाला टेकतच नाही, म्हणून तिच्या बरोबर समोरच्या जागीही दाब पडत नाही आणि तिथली कड पुसट राहते. संग्राहक याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. बाजारात आल्यानंतर कुणी कानशीने नाणे घासले, तर चावा तयार होईल, पण समोरची कड पुसट होणार नाही. न्यूटनचा तिसरा नियम असा साक्षीला येतो.

चकतीची अदलाबदल

तिसऱ्या खणाचे मोल कळायला थोडा इतिहास पाहावा लागेल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला दारूगोळ्यासाठी तांबे हवे होते. म्हणून १९४३ साली तिथे एक सेंटचे नाणे जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे काढले गेले. पण आदल्या वर्षीच्या काही ब्राँझच्या चकत्या यंत्रांच्या भागांत कुठेतरी अडकून राहिल्या होत्या. त्या पोलादी चकत्यांत मिसळल्या आणि त्यांच्यावरही १९४३ चा छाप पडला. त्यातले एक नाणे १९४७ साली एका सोळा वर्षांच्या मुलाला शाळेतल्या उपाहारगृहात सुटे पैसे घेताना मिळाले. त्याने ते आयुष्यभर जपून ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर २०१९ साली लिलावात त्याला २,०४,००० डॉलर मिळाले.

पण तांब्याचा मुलामा दिलेली १९४३ ची पोलादी नाणीही पुष्कळ फिरतात. खरे-खोटे कसे ओळखायचे? लोहचुंबकाने. पोलाद चिकटते, ब्राँझ चिकटत नाही.

ही कसोटी आपल्या नाण्यांनाही लावता येते. त्यासाठी मी डब्याच्या झाकणावर हा तक्ता चिकटवला आहे :

२५ पैसे (१९८८ पासूनचे पोलादी) : १९ मिमी, २.८३ ग्रॅम, चिकटते.
५० पैसे (१९८८ पासूनचे पोलादी) : २२ मिमी, ३.७९ ग्रॅम, चिकटते.
१ रुपया (१९६२ चा, निकेलचा) : २८ मिमी, १० ग्रॅम, चिकटतो.
१ रुपया (१९९२ पासूनचा पोलादी) : २५ मिमी, ४.८५ ग्रॅम, चिकटतो.
२ रुपये (१९९२ चे, तांबे-निकेल, अकरा बाजूंचे) : २६ मिमी, ६ ग्रॅम, चिकटत नाही.
५ रुपये (१९९२ चे, तांबे-निकेल) : २३ मिमी, ९ ग्रॅम, चिकटत नाही.

इथे एक गंमत पाहा. शुद्ध निकेल चुंबकाला चिकटते, पण तीन भाग तांब्यात एक भाग निकेल मिसळले की तो गुण नाहीसा होतो. तेव्हा १९९२ चे दोन रुपये जर चुंबकाला चिकटले आणि वजनालाही हलके भरले, तर ते नाणे बाजूला ठेवा. एकतर ते चुकीच्या चकतीवर पडले आहे किंवा ते मुळीच टांकसाळीचे नाही.

ठशाची जागा, ठशाचा शीण

चौथ्या खणातली चूक शोधायला कोणतेही उपकरण लागत नाही. एखाद्या नाण्याची सिंहाची बाजू सरळ धरा. वरची आणि खालची कड बोटांच्या चिमटीत पकडा आणि नाणे उभ्या अक्षाभोवती फिरवा. आपल्या नाण्यांवर मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती कलंडलेली किंवा उलटी दिसली, तर दोन ठशांपैकी एक आपल्या बैठकीत फिरला होता असे समजा. किती फिरला हे कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजा. दोन-चार अंशांचा फरक पुष्कळ नाण्यांत असतो. माझ्याकडचे नाणे ९० अंश फिरलेले आहे.

पाचव्या खणात ठशांचे आजार आहेत. नाणे दोन पोलादी ठशांमध्ये दाबले जाते. समजा, २५ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर ६० टनांचा भार पडला. तिचे क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १२ टनांहून अधिक भार आला. वातावरणाच्या दाबाच्या सुमारे बारा हजार पट! असा घाव ठशाला दिवसभर सोसावा लागतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते हे तुम्हाला माहीत आहे. ठशाचे पोलादही तसेच शिणते आणि त्याला बारीक तडा जातो.

आता विचार करा, तडा गेलेल्या ठशाने पाडलेल्या नाण्यावर काय दिसेल? ठशावरची भेग म्हणजे खाच. दाबाखाली चकतीचा धातू त्या खाचेत शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उठते. नाणे रस्त्यावर घासले तर मात्र रेघ खोल पडते. नखाने किंवा भिंगाने हा फरक सहज कळतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, "उंच रेघ ठशाची, खोल रेघ रस्त्याची." एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी बनावट नाणी बाजूला काढता येतात.

याच्या उलट आजार म्हणजे ठशाच्या खोबणीत तेल आणि धूळ साचणे. तिथे धातूला शिरायला जागाच उरत नाही आणि अक्षर उमटत नाही. कधी कधी औषधानेही अपाय होतो. अमेरिकेत १९३७ साली डेन्व्हरच्या टांकसाळीत एक ठसा खराब झाला म्हणून घासून साफ केला गेला. घासणे जरा जास्तच झाले आणि त्यावरच्या गव्याचा एक पाय निघून गेला. तो तीन पायांचा गवा आज संग्राहकांत प्रसिद्ध आहे.

कॉलर

ठसा पडतो तेव्हा चकती एका पोलादी कड्यात बसलेली असते. त्याला कॉलर म्हणतात. दाबलेला धातू बाजूला पळू पाहतो आणि कॉलर त्याला अडवते. नाण्याच्या कडेवरचे दातेही तिच्यामुळेच उमटतात. चकती कॉलरच्या बाहेर कलंडून पडली, तर छाप एका बाजूला सरकतो. कॉलर वर आलीच नाही, तर छाप मध्यभागी पडतो, पण नाणे पसरते आणि त्याची कड गुळगुळीत राहते.

सहाव्या खणातला माझा रुपया असा पसरलेला आहे. त्याचा व्यास २५ च्या ऐवजी २६.५ मिलिमीटर आहे. धातू तेवढाच, म्हणून घनफळही तेवढेच. मग जाडी किती झाली असेल? २५ ला २६.५ ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. ०.८९ येतात. म्हणजे जाडी ११ टक्क्यांनी घटली, पण वजन ४.८५ ग्रॅमच राहिले. रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटे केलेले नाणेही पसरते, पण त्यावरचे चित्रही त्याच्याबरोबर ताणले जाते आणि पुसते. कॉलरविना पडलेल्या नाण्यावर मात्र चित्र नेहमीच्याच मापाचे राहते. रुळावर नाणी ठेवण्याचा उद्योग मात्र कुणीही करू नये. त्यात जीव जातो, आणि तो गुन्हाही आहे.

लखी

सातवा खण माझा सर्वांत आवडता. छापून झालेले नाणे यंत्रातून बाहेर पडायला हवे. समजा, ते पडलेच नाही आणि वरच्या ठशाला चिकटून राहिले. खाली नवी चकती आली. आता तिच्या एका बाजूला खालचा ठसा आहे, पण दुसऱ्या बाजूला ठशाऐवजी आधीचे नाणेच आहे. त्या नाण्यावरचे उंच सिंह नव्या चकतीत खोल रुततात. परिणामी नव्या नाण्याच्या दोन्ही बाजूंना सिंह येतात. एकीकडे उंच आणि सरळ, दुसरीकडे खोल आणि उलटे. 'भारत' हा शब्द आरशातल्यासारखा दिसतो. मोदकाच्या साच्यात आधीचा मोदक चिकटून राहिला आणि तुम्ही तसेच नवे सारण दाबले, तर असेच होईल.

आपल्याकडचे संग्राहक अशा नाण्याला 'लखी' म्हणतात. ते तिजोरीत ठेवले की भरभराट होते, अशी समजूतही आहे. अशी नाणी दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन चांदीच्या नाण्यांतही सापडतात. तिथेही कारण हेच होते. कारागिराच्या लक्षात आले नाही की आधीचे नाणे ठशालाच चिकटले आहे.

लखी नाण्याला भाव येतो, म्हणून ती बनवणारेही असतात. दोन नाणी समोरासमोर ठेवून व्हाइसमध्ये दाबली, की एकाचा उलटा छाप दुसऱ्यावर रुततो. पण मूळचा छाप पुरता जात नाही. भिंगातून पाहिल्यास रुतलेल्या सिंहांच्या आड जुन्या अक्षरांचे अवशेष दिसतात. खऱ्या लखीवर खोल छापाची जमीन स्वच्छ असते, कारण तिथे आधी काही नव्हतेच.

आठवा खण

आता आठव्या खणाविषयी. 'शोले' चित्रपटातला जयचा रुपया तुम्हाला ठाऊक असेल. दोन्ही बाजूंना छापाच! मला नोकरी लागली त्या वर्षी एका पदपथावरच्या विक्रेत्याकडे मी तसाच रुपया पाहिला. दोन्ही बाजूंना सिंह, दोन्हीकडे उंच आणि सरळ. त्याने तीनशे रुपये सांगितले आणि मी ते दिले. पहिल्या पगारातले ते तीनशे रुपये होते. नाणे मी सातव्या खणात, लखीच्या शेजारी ठेवले.

मी तेव्हा विचार करायला हवा होता. वरच्या आणि खालच्या ठशांची बैठक बहुधा वेगवेगळी असते, म्हणून सिंहाचे दोन ठसे एकाच यंत्रात बसणे जवळजवळ अशक्य आहे. हे मी इतरांना शिकवत होतो. पण हौस पुढे गेली आणि शिकवलेले मागे राहिले.

दोन वर्षांनी अकरावीच्या प्रात्यक्षिकाला घनता काढायचा प्रयोग होता. मुलांना गंमत वाटावी म्हणून मी माझी नाणी वाटली. नाणे आधी हवेत तोलायचे, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलायचे. वजनात जी घट येते ती बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी असते. हवेतल्या वजनाला त्या घटीने भागले की घनता मिळते. हे आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकलाच आहात. पोलादी रुपयाची घनता ७.७ च्या आसपास यायला हवी.

एका मुलीच्या वाट्याला माझा जयचा रुपया आला. हवेत ४.३८ ग्रॅम, पाण्यात घट ०.६१ ग्रॅम. घनता आली ७.२. मी तिला पुन्हा मोजायला सांगितले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी स्वतः मोजले. ती माझ्याकडे पाहत होती. मग तिने हळूच विचारले, "सर, ह्याच्यात हवा आहे का?"

होती! भिंगातून नीट पाहिल्यावर उचललेल्या कडेच्या आतल्या बाजूला केसाएवढी गोल सांध दिसली. एक रुपया एका बाजूने पोखरला होता, दुसरा कडेने तासून पातळ केला होता आणि तो पहिल्यात डिंक लावून बसवला होता. आतल्या पोकळीने आणि डिंकाने घनता खाली आणली होती. बाकावर टाकल्यावर आवाजही बद्द येत होता. तो मला दोन वर्षे ऐकू आला नव्हता, कारण मी तो रुपया कधी टाकून पाहिलाच नव्हता.

मला वाईट वाटले हे खरे. त्या दिवशी मी वर्गात सगळी हकीकत सांगून टाकली आणि घरी येऊन त्या रुपयाला आठवा खण दिला. तो रिकामाच होता. 'टांकसाळीबाहेर चुकलेले' अशी चिठ्ठी त्यावर लावली.

तुमच्यासाठी

मित्रांनो, हा छंद तुम्हीही सुरू करू शकता. शंभर ग्रॅमपर्यंत तोलणारा आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा, एक भिंग, एक लोहचुंबक आणि कंपासपेटी एवढे पुरे. नाणे सापडले की आधी वहीत लिहा : तारीख, कुठे मिळाले, व्यास, वजन, चुंबकाला चिकटते की नाही. मग तुमचे अनुमान लिहा, की हे कुठल्या टप्प्यावर चुकले असेल. आणि शेवटी, ते अनुमान खोटे असते तर नाण्यावर काय दिसले असते, तेही लिहा. ही शेवटची ओळ मी त्या जयच्या रुपयाबद्दल लिहिली असती, तर माझे तीनशे रुपये वाचले असते.

नाणी चिंचेने किंवा भांड्यांच्या पुडीने घासू नका. सगळा पुरावा त्या पृष्ठभागावरच असतो. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकच्या पाकिटात ती ठेवू नका. त्यातून सुटणाऱ्या द्रव्यांनी तांब्याची नाणी हिरवट पडतात. कागदी पाकीट चांगले. नाणे कापणे, तासणे, वितळवणे हे उद्योग करू नका. २०११ च्या नाणे कायद्याने तो गुन्हा आहे. आणि 'जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या, आधी एवढी फी भरा' अशा जाहिरातींना भुलू नका. रिझर्व्ह बँकेचे नाव वापरून अशी फसवणूक होत होती, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेला जाहीर इशारा द्यावा लागला होता.

आजकाल फोनवरूनच पैसे दिले जातात, त्यामुळे घरात सुटी नाणी कमी येतात. तेव्हा शेजारपाजारी विचारा, दुकानदाराशी मैत्री करा, आजीच्या बटव्यात डोकवा. दहा रुपयांचे नाणे मिळाले तर पिवळे कडे आणि मधला पांढरा भाग यांच्यातली सांध नीट पाहा. दोन धातू एकमेकांत बसवायचे म्हणजे चुकायला एक टप्पा जास्त! माझ्या डब्यात त्यासाठी खण नाही. तुमच्या डब्यात तो ठेवा.

पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ पासून चलनातून गेले. वाण्याने नाकारलेले माझे चार आणे आता कुठलाच वाणी घेणार नाही. बाबाही आता नाहीत. पण नव्या वर्षाचा वर्ग सुरू झाला की पहिल्या दिवशी मी ते नाणे मुलांच्या हातात देतो आणि विचारतो, "उंदराने खाल्लंय का हे?" दर वर्षी कुणीतरी चंद्रकोरीवरून अंगठा फिरवते, पलीकडची पुसट कड पाहते आणि विचारात पडते. मग मी खडू हातात घेतो आणि फळ्यावर एक पट्टी काढतो.